शिकवायला वेळ कोणाचा?

टेल्कोचा (आजच्या टाटा मोटर्सचा) पुण्याचा कारखाना १९६६ साली सुरू झाला आणि तिथून पहिले व्यावसायिक वाहन बाहेर पडले १९७७ साली. मधली अकरा वर्षे तिथे काय चालले होते, असे शेअर बाजारातल्या एखाद्या विश्लेषकाने आज विचारले तर उत्तर ऐकून तो कपाळाला हात लावील. टूलरूम उभी राहत होती, यंत्रे बनवणारी यंत्रे तयार होत होती आणि प्रशिक्षण विभागात मुले शिकत होती. परक्यांकडून घेतलेले तंत्र कधीतरी संपणार आणि त्या दिवशी डाय, जिग, फिक्श्चर स्वतः बनवणारी माणसे घरात नसतील तर आपला कारखाना नुसता जुळणीचा मांडव ठरेल, असा टेल्कोचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांचा हिशेब असावा. डाइम्लर-बेंझबरोबरचा करार १९६९ मध्ये संपलाही. ही सगळी वर्षे कोणी खुशीने शिक्षणाला वाहिली असे मात्र समजू नये. परवान्यांचे राज्य होते, परकीय चलनाची टंचाई होती, मंदीही येऊन गेली. तरी हाती आलेला वेळ कुठे घालवायचा हे ठरवावे लागतेच, आणि तो माणसे तयार करण्यात गेला.

उत्पादनाच्या आधी शिक्षण हा क्रम पुण्याला नवा नव्हता. आज सीओईपी म्हणून ओळखली जाणारी संस्था १८५४ मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने निघाली, ती रस्ते, पूल, कालवे बांधणाऱ्या सरकारी खात्याला हाताखालचे लोक हवे होते म्हणून. म्हणजे तो एका खात्याचा ट्रेनिंग क्लासच होता. पुढे त्याला पदवी चिकटली, प्रतिष्ठा आली, आणि त्या प्रतिष्ठेबरोबर एक समजूतही रुजली: शिक्षण आधी, काम नंतर, शिकवणे कॉलेजचे, राबवून घेणे मालकाचे. कामाच्या जागी शिकावे लागते ते ज्यांना शाळा-कॉलेजात शिकता आले नाही त्यांना. ही समजूत आपल्या मध्यमवर्गात अजून पुरती मेलेली नाही. मुलगा आयटीआयला गेला हे सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना ही वाटणी परवडणारी नव्हती. ते स्वतः मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. पण १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना हलवल्यावर शिकलेला कामगार तिथे येणार कुठून? आसपासच्या खेड्यांतल्या माणसांनाच ओतकाम, घासकाम, जोडकाम करता करता शिकवावे लागले.  

स्वातंत्र्यानंतर कायद्याने या दोन वाटांची गाठ घातली. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ सालचा. त्याच्या पुढच्याच वर्षी एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या शेतजमिनींवर कारखान्यांच्या शेड चढू लागल्या. त्या काळात ॲप्रेंटिस झालेला कुठलाही फिटर भेटला तर पहिल्या महिन्यांची एकच गोष्ट सांगतो: फायलिंग. व्हाइसमध्ये पोलादाचा तुकडा धरायचा आणि कानशीने घासत राहायचे, कडा काटकोनात येईपर्यंत, उस्तादाने ट्राय-स्क्वेअर लावून उजेडाकडे धरल्यावर फट दिसेनाशी होईपर्यंत. तोच तुकडा मिलिंग मशीनवर काही मिनिटांत निघाला असता. तो कुठल्या गाडीत बसणार नव्हता, कोणाला विकला जाणार नव्हता. तरी दिवसचे दिवस तो घासायला लावत, कारण धातू किती सुटला आणि कुठे थांबायचे हे हाताला कळावे लागते. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ मध्ये, म्हणजे टेल्को पुण्यात आली त्याच वर्षी, माणसाला जे कळलेले असते त्यातले बरेचसे त्याला शब्दांत सांगता येत नाही, हा विचार एका छोट्या पुस्तकात मांडला. आपल्या उस्तादांनी ते पुस्तक वाचले नव्हते. पण सांगता येत नाही ते शेजारी उभे राहून दाखवावे लागते, हे त्यांना ठाऊक होते.

इथे पैशाचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाची गाठ तिथेच आहे. १९६४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी ‘मानवी भांडवल’ या कल्पनेवरच्या ग्रंथात मांडले की कुठेही चालणारे कौशल्य शिकवण्याचा खर्च मालक उचलणार नाही. कारण शिकून झाल्यावर माणूस शेजारच्या कारखान्यात जाईल आणि फायदा शेजाऱ्याला होईल. तर्क बिनतोड. पण पुण्यात घडले ते पाहा. टेल्को, बजाज यांसारख्या मोठ्या कारखान्यांत शिकलेली माणसे खरोखरच बाहेर पडली. त्यांतल्या अनेकांनी भोसरी-चिंचवडला एखाद-दुसरे लेथ घेऊन शेड टाकली आणि पूर्वीच्याच मालकाला सुटे भाग पुरवू लागली. हिशेबाच्या वहीत जे नुकसान दिसले असते त्यातून या शहराची पुरवठादारांची साखळी विणली गेली. हे आधी कोणी आखले होते असा माझा दावा नाही. शिकवण्याचा खर्च एका कंपनीच्या ताळेबंदात मोजायला घेतला की तो नेहमी तोट्यात दिसतो, एवढेच मला त्यातून दिसते.

याच सुमाराला पांढरपेशांचे प्रशिक्षणही पुण्यात जमू लागले. रेल्वेच्या स्थापत्य अभियंत्यांची संस्था इथे १९५९ पासून आहे. सहकारासाठीची वैकुंठ मेहता संस्था आणि भोसरीची रस्ते वाहतूक संस्था दोन्ही १९६७ च्या. बँकांसाठीची एनआयबीएम राष्ट्रीयीकरणाच्याच वर्षी, १९६९ मध्ये स्थापन झाली आणि नंतर मुंबईहून कोंढव्यात आली. विमा अकादमी १९८० ची. राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांसाठी बाणेर रस्त्यावर ‘यशदा’. या संस्थांनी चांगले काम केले, पण एक नवी सवयही लावली. शिकणे म्हणजे कामावरून उठून दुसरीकडे जाणे. खुर्ची रिकामी, फाइल पडून, आणि शिपायाचे उत्तर: साहेब ट्रेनिंगला गेलेत. शिकवणाऱ्यांना किती मान होता, हेही पाहा. प्रशिक्षण संस्थेत झालेली बदली अनेकांना अडगळ वाटायची, म्हणून केंद्र सरकारला तिथे येणाऱ्यांसाठी वेगळा प्रशिक्षण भत्ता ठेवावा लागला. वर्गाबाहेर पडताना अभिप्रायाचा फॉर्मही भरायचा. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: लोकांना आवडले का, त्यांना आले का, कामात दिसले का, संस्थेला उपयोग झाला का. आपण बहुतेक ठिकाणी पहिल्या पायरीवरच बसकण मारली. जेवण बरे होते, वक्ते छान बोलले.

मग जपानची लाट आली. क्वालिटी सर्कल, कायझेन, फाइव्ह-एस हे शब्द ऐंशी-नव्वदच्या दशकांत चिंचवडच्या शॉप फ्लोअरवर मराठी क्रियापदे लावून फिरू लागले. यातल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ अमेरिकेत होते. दुसऱ्या महायुद्धात अनुभवी कामगार आघाडीवर गेल्यावर नवख्यांना झटपट तयार करण्यासाठी तिथे ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा उपक्रम चालला. त्यात कामगाराला नव्हे, सुपरवायझरला धडे होते: काम तोडून कसे दाखवायचे, कोणती जागा नाजूक हे कसे सांगायचे, मग त्याच्याकडून करून कसे घ्यायचे. युद्ध संपल्यावर अमेरिकेने ते सोडून दिले. जपानने उचलले आणि जपले.

आजही चाकण-रांजणगावच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात लाइनजवळ एक फलक असतो, स्किल मॅट्रिक्सचा. डाव्या बाजूला माणसांची नावे, वर कामांची, आणि प्रत्येक चौकटीत चार पाव भागांचे एक वर्तुळ. एक पाव भरला म्हणजे शिकतो आहे. अर्धे वर्तुळ म्हणजे देखरेखीखाली करतो. तीन पाव म्हणजे एकट्याने करतो. आणि पूर्ण भरलेले वर्तुळ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. मला या फलकाचे फार कौतुक वाटते. कौशल्याची शेवटची पायरी शिकवणे ही आहे, असे एक कारखाना भिंतीवर लिहून ठेवतो. पण हाच फलक जरा रेंगाळून पाहावा. पूर्ण वर्तुळवाल्या माणसाच्या नावापुढे त्याचे त्या शिफ्टचे उत्पादनाचे लक्ष्य किती कमी केले आहे, ते कुठे लिहिलेले असते? बहुधा नसतेच. म्हणजे शिकवू शकतो हे मान्य, शिकवायला वेळ मिळेल हे नाही. ऑडिट जवळ आले की वर्तुळे भराभर भरली जातात, ही गोष्ट तर कोणी लपवतही नाही.

पुढे उतार वेगाने लागला. शिकाऊ हा शब्द स्वस्त हातांसाठी वापरला जाऊ लागला. तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये आणलेल्या योजनेतले ‘नीम ट्रेनी’ चाकण पट्ट्यात वर्षानुवर्षे थेट लाइनवर उभे असत, ही कामगार संघटनांची तक्रार होती. परिषदेने ती योजना पुढे बंद केली. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात सहा महिने दरमहा सहा ते दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. विद्यावेतन सरकार देईल. उस्तादाचा वेळ कोण देईल, हा खर्च कुठल्याच योजनेत धरलेला नसतो.

आयटीत तर शिकणे ही कर्मचाऱ्याचीच जबाबदारी होऊन बसली. सुरुवातीला तिथे फ्रेशर्सच्या बॅचेस महिनोन्महिने शिकवल्या जात, त्याबदल्यात सर्व्हिस बाँड असे. आता पोर्टलवर हजारो कोर्स असतात. पाहा, बटण दाबा, प्रमाणपत्र घ्या, अपस्किल व्हा, तेही शनिवार-रविवारी. ‘सत्तर-वीस-दहा’चे सूत्र इथल्या प्रत्येक प्रशिक्षण प्रमुखाला पाठ असते: सत्तर टक्के शिकणे कामातून, वीस टक्के माणसांकडून, दहा टक्के वर्गातून. हे आकडे तंतोतंत मोजून आलेले नाहीत, अधिकाऱ्यांनी आठवून सांगितलेल्या अनुभवांवरून आले आहेत. पण सूत्र ढोबळ मानूनही विचारावेसे वाटते की बजेट त्या दहा टक्क्यांवरच का जाते. कोर्सचे बिल फाडता येते, एवढेच त्याचे कारण असावे.

आता त्या सत्तर टक्क्यांवरच घाला येतो आहे. नवा मुलगा हिंजवडीत ज्या कामांवर तयार व्हायचा, छोटे बग काढणे, टेस्ट केस लिहिणे, कोणाचा तरी जुना कोड वाचून दुरुस्त करणे, त्यांचा पहिला खर्डा एआय काही क्षणांत देतो. तो बरोबर आहे की नुसता बरोबर दिसतो, हे ओळखायला जाणता माणूस लागतो, आणि जाणता माणूस तीच कामे करून जाणता झालेला असतो. म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांनाही आता कानशीची कामे मुद्दाम तयार करावी लागतील: यंत्राला येत असूनही नवख्याच्या हातून करून घ्यायची, ग्राहकाला न विकायची. ती तपासायला, उजेडाकडे धरून फट दाखवायला शेजारी कोणीतरी हवे. त्यासाठी प्रशिक्षण प्रमुखाने पहिली बैठक कोर्स विकणाऱ्याबरोबर घेऊ नये, डिलिव्हरी मॅनेजरबरोबर घ्यावी, आणि टीममधल्या सर्वांत जाणत्या माणसाचे आठवड्याचे काही तास मागावेत, बिलात न लावता. मॅनेजर विचारील, हे तास टाइमशीटवर कुठल्या कोडखाली टाकायचे? शिकण्याचा कोड असतो. शिकवण्याचा नसेल तर आधी फायनान्सकडून तो काढून घ्यावा लागेल.