खेळाची भाषा कोणाची?

सांप्रत खेडोपाडीं सायंकाळच्या वेळीं चार मुलें एका ओट्यावर बसलेलीं दिसतात, परंतु त्यांचे डोळे चार मोबाइलांत असतात. खेळ परदेशीं घडलेला, सूचना इंग्रजींत, आणि दूरच्या अनोळखी सोबत्यांशीं बोलणें बहुधा हिंदींत. येणेंकरून मुलांची मराठी बिघडली, अशी कित्येक वडील माणसांची तक्रार आहे. ती कितपत खरी, ह्याचा विचार वाचकांनीं आम्हांबरोबर करावा.

परके शब्द तोंडीं आले एवढ्यानें भाषा बुडत नाहीं. विटीदांडूंत आपल्या वाडवडिलांनीं ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असें मोजलें. हीं तर तेलुगूंतील एक, दोन, तीन, चार ह्या आकड्यांचींच रूपें दिसतात. उलट ‘लूट’ हा आपला शब्द इंग्रजीनें पूर्वींच नेला, आणि आतां बंदुकींच्या खेळांतून तो परत आला आहे. मुलांस मात्र तो इंग्रजी वाटतो!

मग ते आकडे मराठी झाले, आणि आजच्या खेळाची भाषा परकी कां राहावी? आमच्या मतें, विटीदांडूचे नियम मुलांच्या हातीं होते. झेल धरला कीं नाहीं, राज्य कोणावर, ह्यावर घटकाभर भांडण चाले, आणि तें मराठींत चाले. ‘भिडू’, ‘रडीचा डाव’, आट्यापाट्यांतील ‘कोंडी फोडणें’ असे शब्द खेळांतूनच बाजारांत व पंचायतींत गेले. हात न उगारतां, बोलून न्याय मिळवावा, हें मूल तेथें शिके. मोबाइलाच्या खेळांत कोण मेला व कोण जगला हें यंत्र ठरवितें. त्याच्या निकालाविरुद्ध दाद कोणापुढें मागावी? वाद नाहीं, तेव्हां बोलणेंही नाहीं. ‘इकडे ये’, ‘मार’, ‘वांचव’ एवढे हुकूम उरतात. शब्द परके झाले ह्यापेक्षां ही हानि आम्हांस मोठी वाटते.

बंदीनें हें सुटत नाहीं. सप्टेंबर २०२० मध्यें सरकारनें पबजी बंद केला. जुलै २०२१ मध्यें त्याच धर्तीचा खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ ह्या नांवानें आला. शिवाय यंत्रास मातृभाषेचें वावडें नाहीं. अलास्कांतील इनुपियात लोकांच्या कथेवरून २०१४ सालीं ‘नेव्हर अलोन’ हा खेळ निघाला, त्यांतील कथेकरी त्यांच्याच भाषेंत बोलतो. ते लोक मूठभर. मराठी ही मातृभाषा सांगणारे तर २०११ च्या जनगणनेंत आठ कोटींहून अधिक होते.

मुलांस दोष देणाऱ्यांनीं आपल्या घराकडेही पाहावें. पाहुण्यांपुढें मुलाकडून इंग्रजी कविता म्हणवून घेणारे, आणि त्यानें मराठींत कांहीं विचारिलें तर ‘जा, मोबाइल घेऊन बस’ म्हणणारे आपणच ना?

उपदेशक बंधूंस आमची सूचना अशी: रविवारच्या शाळेनंतर मुलांस त्यांचा खेळ मराठींत सांगावयास लावावा. कोण हरला, कसा हरला, निकाल न्यायाचा होता काय, हें विचारावें. मध्यें इंग्रजी शब्द आला तर टोकूं नये. दोघांचें न पटलें तर त्यांस भांडूं द्यावें, आणि घाई न करितां शेवटपर्यंत ऐकावें.