दुकानाला कुलूप लावण्यापूर्वी



येत्या १ मे रोजी आपण श्रमिक संत जोसेफ ह्यांचा सण साजरा करू. पोप बारावे पायस ह्यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. प्रभू येशूला त्याच्या गावचे लोक सुतार म्हणूनच ओळखत होते, असे संत मार्क सांगतो. ह्या सणाच्या निमित्ताने एका सुताराची गोष्ट सांगावीशी वाटते. ती २०२० सालची आहे आणि तिच्यात माझीही चूक आहे.

आपल्या बोरगाव मेघेत एक मिस्त्रीभाऊ भाड्याच्या शेडमध्ये काम करीत. हाताखाली दोन पोरे होती. दारे, खिडक्या, दिवाण, टेबल अशी कामे वर्षभर चालत. पावसाळ्यात तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी बनत. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. बांधकामे थांबली, लग्ने लांबली, दिवाण कोण घेणार? ऑगस्टमध्ये पोळा आला, पण सार्वजनिक कार्यक्रमांना बंदी होती. रंगवलेले नंदी शेडमध्येच राहिले.

त्या दिवसांत त्यांचा मला फोन आला. म्हणाले, "सर, तीन रस्ते दिसतात. दुकान बंद करून ठेकेदाराकडे मजुरीला जायचं. नाहीतर दोन्ही पोरांना घरी बसवून एकट्यानं रंधा चालवायचा. नाहीतर व्याजानं पैसे काढून सगळ्यांना धरून ठेवायचं. तुम्हीच सांगा, काय करू मी?"

मी म्हणालो, "देवावर भरवसा ठेवा, सगळं नीट होईल." आणि फोन ठेवला.

संत याकोब आपल्या पत्रात अशाच माणसाबद्दल बोलतो. समोरचा उघडा आणि उपाशी असताना तो त्याला नुसते आशीर्वाद देऊन वाटेला लावतो. माझे त्याहून वाईट होते. मार्चच्या आधी मी त्यांना एका टेबलाची ऑर्डर दिली होती. लाकूड कापून झाले होते. टाळेबंदीत मी ती ऑर्डर रद्द केली आणि कापलेल्या लाकडाचे पैसे कोणी द्यायचे हा विषयच काढला नाही. माझा पगार मात्र दर महिन्याला जमा होत होता.

प्रश्न असा आहे: धंदा तोट्यात गेला की तो बंद करणे पाप आहे का? आणि कर्ज काढून चालू ठेवणे पुण्य आहे का? माझ्या मते दोन्हींचे उत्तर 'नाही' असे आहे. कर्जाच्या ओझ्याखाली घर बुडवणे म्हणजे श्रद्धा नव्हे. त्या वेळी सरकारने ३ लाख कोटी रुपयांची कर्जहमी योजना जाहीर केली होती, पण ती मुख्यतः ज्यांच्या नावावर आधीच बँकेचे कर्ज होते त्यांच्यासाठी होती. ज्याने कधी बँकेची पायरी चढली नाही, त्या मिस्त्रीला तिचा काय उपयोग? त्याच्यापुढे सावकारच उरतो. अशा वेळी कुलूप लावणारा माणूस भित्रा ठरत नाही.

मग तपासायचे कशावर? पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ साली मानवी श्रमांवर एक परिपत्रक लिहिले. काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नसतो, हा त्याचा गाभा आहे. म्हणून दुकान उघडे राहिले की बंद झाले, एवढ्यावर निवाडा करता येत नाही. दुकानाशी बांधलेल्या माणसांचे काय झाले, हे पाहावे लागते.

हा विचार आपल्या वर्ध्याला नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून चाले. तिथल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी केले. संघाची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा हे तमिळ ख्रिस्ती कुटुंबातले. तुरुंगात असताना त्यांनी एक पुस्तक येशूच्या शिकवणुकीवर लिहिले आणि दुसरे चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर. त्यांनी जगण्याच्या पाच तऱ्हा सांगितल्या. कोणी दुसऱ्याच्या जीवावर जगतो, कोणी दुसऱ्याचे हिसकावतो, कोणी स्वतःच्या कष्टाचे खातो, कोणी मधमाशीसारखा सगळ्या पोळ्यासाठी राबतो, आणि कोणी पिलांना भरवणाऱ्या पक्षिणीसारखा परतफेडीची वाट न पाहता देतो.

त्या यादीत मी स्वतःला शोधले तेव्हा मान खाली गेली. दुसऱ्याचे लाकूड, दुसऱ्याची मेहनत आणि नुकसानही दुसऱ्याचेच. मी पहिल्या तऱ्हेत बसत होतो.

मिस्त्रीभाऊंनी काय केले? दिवाळीपर्यंत आहे तेवढे काम तिघांनी वाटून घेतले. दुकान बंद होणार हे त्यांनी दोन्ही पोरांना दोन महिने आधी सांगितले, म्हणजे त्यांना दुसरीकडे बघता आले. मोठ्याला माप घेणे आणि हिशेब करणे शिकवले आणि निघताना करवत, रंधा, पटाश्या त्याच्या हातात दिल्या. शेवटची मजुरी चुकती केली, लाकडाच्या वखारीची उधारी फेडली आणि मगच शेडची किल्ली मालकाला दिली. आज ते ठेकेदाराकडे कामाला जातात. तो मोठा पोरगा आता घरोघरी दारे दुरुस्त करतो. धाकट्याने हे काम सोडले. सगळे वाचले असे मी म्हणणार नाही. पण कोणाची फसवणूक झाली नाही.

कापलेल्या लाकडाचे पैसे मी त्यांना नेऊन दिले, पण ते दुकान बंद झाल्यावर. त्यांनी घेतले आणि चहा पाजला. वेळेवर दिले असते तर दुकान तरले असते का, हे मला सांगता येणार नाही. एका पोराची महिन्याची मजुरी तरी निघाली असती.

मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा आपल्याजवळ ठेवू नये, अशी लेवीय पुस्तकात आज्ञा आहे. आपण ती मालकांसाठी आहे असे समजतो. पण शिंप्याकडे कपडे, कुंभाराकडे माठ, सुताराकडे टेबल सांगणारा प्रत्येक जण तेवढ्यापुरता मालकच असतो. कारागिराने आपल्या धंद्याचे काय करावे हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. त्याचे अर्धे उत्तर आपल्या खिशात असते.

१ मे पूर्वी आपण प्रत्येकाने घरची एक यादी करू या: कोणाच्या कामाचे पैसे द्यायचे राहिले आहेत? ते देऊन मगच संत जोसेफच्या मिस्सेला येऊ या.