ऋण कोणाचे, फेड कोणाची?

पर्यावरणावर कोठेही व्याख्यान असले की समारोपाचे एक वाक्य ठरलेले असते : आता तरुणांनी पुढे यावे. आम्हीही ते अनेकदा उच्चारले आहे. वाक्यात चूक काही नाही. परंतु ते उच्चारण्याचा आम्हाला अधिकार किती, हे आम्ही स्वतःला क्वचितच विचारले. इंदूरमधील एका साध्या प्रसंगाने ती वेळ आमच्यावर आणली.

मंडळाच्या गणेशोत्सवात प्लास्टिकच्या दुष्परिणामांवर भाषण झाले, नंतर चहापान झाले. प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे यांवर देशात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. म्हणून आम्ही कटाक्षाने कागदी पेले आणले होते. कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गुंडाळणाऱ्या मुलांपैकी एका महाविद्यालयीन मुलीने त्यातला एक पेला फाडून दाखवला. आतून पातळ, चकचकीत पापुद्रा सुटून आला. "काका, हेही प्लास्टिकच. आणि हे सगळे पेले आता आम्हीच गोळा करायचे ना?" तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. म्हणूनच आम्हाला उत्तर सुचले नाही.

आपल्याकडे ऋणाची कल्पना फार खोल रुजलेली आहे. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण घेऊनच माणूस जन्मतो, आणि पित्याचे कर्ज पुत्राने फेडावे, असे आपण मानत आलो. परंतु स्मृतिकारांनी या नियमाला अपवादही सांगितले आहेत. द्यूतात किंवा मद्यपानात पित्याने करून ठेवलेले देणे पुत्रावर बंधनकारक नाही, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. संसारासाठी काढलेले कर्ज वेगळे आणि चैनीपायी झालेले वेगळे, हा विवेक त्यामागे असावा.

मग प्लास्टिकचे ऋण कोणत्या प्रकारचे? सरसकट निकाल देणे अन्यायाचे होईल. रुग्णालयातील रक्ताची पिशवी, शेतातील ठिबकची नळी, विजेच्या तारेवरचे वेष्टण हे संसाराचे ऋण आहे. ते पुढच्या पिढीने आनंदाने वाहावे. परंतु भाजीबाजारापासून घरापर्यंत पाव तास वापरून टाकलेली पिशवी कोणत्या खाती लिहावयाची? २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक निर्माण झाले, आणि त्यातील जवळजवळ निम्मे शेवटच्या तेरा वर्षांतले होते. कचरा झालेल्या सुमारे ६३० कोटी टनांपैकी अवघ्या ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला. ७९ टक्के कचराडेपोंत वा निसर्गात साचून राहिले. त्या तेरा वर्षांत संसार आमच्या हाती होते. ही मुले तेव्हा पाळण्यात होती किंवा जन्मलेलीही नव्हती.

यावर कोणी म्हणेल, आजची मुले तरी कोठे निर्दोष आहेत? वेफर्सची पाकिटे आणि घरपोच येणारे डबे त्यांचेच ना? आक्षेप खरा आहे. तरीही एक भेद उरतो. आमच्या लहानपणी किराणा कागदाच्या पुडीत येई, दारामागे जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी टांगलेली असे, पंगत पळसाच्या पत्रावळीवर बसे. आम्ही दुसरी रीत पाहिली होती, जगलो होतो, आणि सोयीसाठी ती सोडली. या मुलांनी ती पाहिलेलीच नाही. जाणून सोडणारा आणि कधी न जाणलेला यांचा दोष सारखा कसा मानावा?

इंदूरकरांना आणखी एक मोह पडतो. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपले शहर सातत्याने अग्रस्थानी राहिले, याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. घरोघरी कचरा वेगळा करण्याची शिस्त ही सामान्य गोष्ट नव्हे. पण रस्त्यावर कचरा दिसत नाही, म्हणजे तो निर्माणच होत नाही, असे नव्हे. आणि जे प्लास्टिक हातून निसटते, ते कोठे जाते? आपल्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून वाहणारी कान्ह क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला. समुद्र आपल्याला वाटतो तितका दूर नाही.

तर मग तरुणांना हाक मारूच नये काय? मारावी, पण ती व्यासपीठावरून नव्हे. शासकीय सेवेत असताना आम्ही बंदीचे आदेश निघतानाही पाहिले आणि फायलीत विसावतानाही पाहिले. आदेशाने सवय मोडत नाही, सोबतीने मोडते. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत. कीर्तन रात्री होई. मुंबईत वर्सोव्याचा किनारा स्वच्छ करण्यास वकील अफरोझ शाह यांनी २०१५ मध्ये आरंभ केला, तेव्हा त्यांच्या सोबतीला प्रथम आले ते ८४ वर्षांचे एक शेजारी. पुढे हजारो हात लागले, त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. पण पहिली जोडी अशी दोन पिढ्यांची होती, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

ऋण आमचे आहे. फेडण्याचे बळ मात्र बहुतांशी त्यांच्याकडे आहे. अशा वेळी ऋणकोने काय करावे? आधी कर्ज कबूल करावे, त्यात भर घालणे थांबवावे, आणि फेडणाऱ्याच्या शेजारी बसावे. एवढे केले तर हाक मारण्याचा अधिकार आपोआप येतो. न केले तर कितीही उत्तम भाषण व्यर्थ आहे.

त्या मुलीला उत्तर द्यावयास आम्हाला वर्ष लागले. मंडळाच्या कोठीत, लग्नकार्यांसाठी वडीलधाऱ्यांनी नावे घालून दिलेली पितळी आणि स्टीलची भांडी धूळ खात पडली होती. मुलांनी ती बाहेर काढून घासली, मोजली, त्यांची यादी केली. त्यांनी अट एकच घातली : भांडी धुण्याच्या पाळीत ज्येष्ठांचीही नावे हवीत. काही सभासदांना ते रुचले नाही; त्यावर बैठकीत बराच वेळ चर्चा झाली. अखेर यादी फलकावर लागली. पहिल्या दिवसाच्या पाळीत आमचे नाव होते, आणि त्याखाली तिचे.