वेशीपलीकडचं अंतर

मुंबई ते जेद्दा हे अंतर आकाशातून साधारण साडेतीन हजार किलोमीटर आहे. विमानाला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे सकाळी निघालेला हाजी तिथल्या वेळेने दुपारच्या आत उतरतो. माझे आजोबा रत्नागिरीहून मुंबईला आले, मुसाफिरखान्यात राहिले आणि मुघल लाइनच्या जहाजाने एडनवरून लाल समुद्रात शिरले. आठवडाभर पाणीच पाणी. ती जहाजं 1995 मध्ये बंद झाली. तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यात म्हणतात, खरा हज त्या जुन्या माणसांचा; आता काय, जेवण आटोपेपर्यंत जेद्दा येतं.

या म्हणण्याला आधार नाही असं नाही. उमराहचा, म्हणजे छोट्या हजचा, सवाब (पुण्य) कष्टाच्या आणि खर्चाच्या मानाने मिळतो, असं प्रेषितांनी हजरत आयेशांना सांगितल्याची हदीस बुखारींच्या संग्रहात आहे. तरीही मोहल्ल्याचं ते म्हणणं मला पटत नाही, आणि न पटण्याचं कारण मला नमाजेतच सापडतं.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. ऐंशीएक किलोमीटरपलीकडच्या प्रवासात चार रकातींची नमाज दोन रकातींची करायची मुभा आम्हाला आहे. ही मुभा दमणुकीसाठी असेल, तर विमानात गादीवर रेलून बसलेल्याला ती कशी मिळावी? इमाम नववींनी याचं उत्तर 13व्या शतकातच ‘मिन्हाज’मध्ये देऊन ठेवलं आहे: समुद्रावरून कुणी तेवढं अंतर तासाभरात कापलं, तरी त्याने नमाज कमी करावी. शिडाच्या जहाजांच्या काळातला हा माणूस! त्याने वेळ मोजलाच नाही, अंतर मोजलं. आणि ही मुभा सुरू कुठे होते? गावाची वेस ओलांडली की तिथेच. थकायच्या कितीतरी आधी माणूस मुसाफिर झालेला असतो.

दुसरी वेस म्हणजे मक्केच्या वाटेवरची मीकात. एहराम आणि नियत यांच्याशिवाय हाजीने ती ओलांडायची नाही. आजोबा सांगत, यलमलम या मीकातीच्या समोर आलं की जहाजाचा भोंगा वाजे. त्याआधीच सगळे न्हाऊन, दोन पांढऱ्या चादरी गुंडाळून डेकवर उभे असत. आता पुरुष मुंबईहूनच एहराम बांधून निघतात आणि मीकात जवळ आल्याचं विमानात सांगतात. ताशी नऊशे किलोमीटरच्या वेगात ती रेषा कधी मागे पडली ते कळतही नाही. मन गोळा करायला जहाजावर सवड होती, हे मी मान्य करते. ती सवड आता घरीच काढावी लागते.

पण हजमधलं सगळ्यात अवघड काम जहाजावरही होत नसे. निघण्यापूर्वी देणी फेडायची, दुखावलेल्यांची माफी मागायची. माझ्या भाच्याचं चुलतभावाशी आंब्याच्या दोन कलमांवरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. घरं अंगणाला अंगण लागून. तिकीट हातात पडलं, लसी टोचून झाल्या, बॅग भरली, तरी ते अंगण ओलांडायला त्याचा पाय उचलत नव्हता. निघायच्या आदल्या रात्री गेला. आजोबांच्या काळी असता, तरी त्याला तेवढं चालावंच लागलं असतं, आणि तेही बंदरावर पोचण्याआधी.