वीतभर उघडा दोर

हैदराबादेत मलकपेठेच्या कांदाबाजाराजवळ एक वस्ती होती आणि वस्तीत एक मोकळी जागा पडून होती. बाजारात महाराष्ट्रातून, कर्नूलकडून कांद्याच्या लॉऱ्या येत. सडका कांदा, फाटकी बारदाने, झिजलेले टायर, सगळे शेवटी त्या जागेत येऊन पडे. मुले गल्लीत खेळत आणि रिक्षा आली की भिंतीला चिकटून उभी राहत.

वस्तीत एक म्हातारा हमाल होता. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा त्याचे वडील मीटरगेजच्या गाडीने नांदेडहून काचीगुड्याला उतरले. चादरघाटच्या पुलावरून मुसी ओलांडून ते इकडे आले आणि इथलेच झाले. बापाने पोती वाहिली, मुलानेही वाहिली. आता पाठ वाकली, म्हणून तो दाभण-सुतळी घेऊन फाटकी पोती शिवत बसे. मराठी मुले त्याला तात्या म्हणत. तेलुगूत आजोबाला तात म्हणतात, त्यामुळे तेलुगू मुलांच्या तोंडीही ते नाव सहज बसले. मग उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलेही त्याला तात्याच म्हणू लागली.

एकदा एका भल्या व्यापाऱ्याने स्वखर्चाने ती जागा साफ करून घेतली. लोखंडी झोपाळा बसवला, घसरगुंडी बसवली. मुले हरखली. काही महिन्यांनी झोपाळ्याची एक साखळी निसटली. पाच मिनिटांचे काम होते. लोक म्हणाले, "ज्यांनी बसवला ते बघतील." व्यापारी तोवर दुसरीकडे राहायला गेला होता. साखळी लोंबत राहिली. पुढे दुसरीही गेली, फळी गेली, आणि कचरा परत आला.

एका संध्याकाळी एक मुलगी रेसकोर्सच्या भिंतीकडून घरी येत होती. तात्यापाशी थांबून तिने विचारले, "तात्या, घोड्यांना एवढं मोठं मैदान आहे. आपल्याला कुठंय?" ते रेसकोर्स मलकपेठेत 1886 पासूनचे. तात्याचा जन्म त्याच्या शेजारी गेला होता, पण हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो फावडे घेऊन त्या जागेत गेला आणि एक टायर ओढू लागला. टायर हलेना. केळीवाल्याने गाडा बाजूला लावून हात दिला. मग तिसरा आला, चौथी आली. एका शिक्षिकेने महापालिकेत अर्ज केला आणि ती खेटे घालत राहिली. परवानगी आली तेव्हा काम जोरात सुरू झाले. गॅरेजवाल्याने टायरांना भोके पाडली, कारण पाणी साचले की डास होतात आणि डासांमागून डेंग्यू. टायर अर्धे जमिनीत पुरून रांगेत उभे केले. गवंड्याने झोपाळ्याचे खांब भिंतीपासून लांब हलवले. झोका पुढे जाईल आणि मागे येईल, तेवढी जागा मोकळी हवी, असे त्याचे म्हणणे. खाली वीतभराहून खोल वाळू पसरली.

साखळ्या नव्हत्या. लॉरीवाल्याने माल बांधायचा जाड दोर दिला. दोर पक्का होता, पण हाताला काचत होता. तात्या म्हणाला, "प्रत्येक घरातनं हातभर जुनं कापड आणा."

मुले घरोघर धावली. कोणी नऊवारीचा काठ आणला, कोणी खड्या दुपट्ट्याची किनार, कोणी लुंगीची पट्टी. एका घरातून बाळाचे दुपटे आले. तात्याने एक वेढा दाखवला, एक टाका दाखवला आणि दाभण मुलांच्या हाती दिले. ज्याची पट्टी, त्यानेच ती गुंडाळली. दोर रंगीबेरंगी झाला. तळाशी मात्र वीतभर दोर उघडाच राहिला. गवंडी म्हणाला, "तात्या, एवढं राहिलं की." तात्या म्हणाला, "राहू दे."

पावसाळ्याआधी वस्तीत मजुरांचे एक नवे कुटुंब भाड्याने आले. त्यांची मुलगी रोज मैदानाच्या कडेला उभी राही. मुले बोलावत, पण ती आत येत नसे. आठवडाभराने तात्याने तिला विचारले, "घरी जुनं कापड आहे का, पोरी?" ती धावत गेली आणि आईच्या पदराची फाटकी पट्टी घेऊन आली. तात्याने उघडा दोर तिच्या पुढे धरला.

त्याच संध्याकाळी दोन दांडगी मुले एका झोक्यावर उभी राहिली, तेव्हा सगळ्यांत आधी तीच ओरडली, "दोघं नका चढू, शिवण उसवेल!"

व्यापाऱ्याचे दान खरे होते, मनही खरे होते. पण त्या झोपाळ्यात वस्तीचा एकही टाका नव्हता, म्हणून तो मोडला तेव्हा कोणालाच आपले काही मोडल्यासारखे वाटले नाही. या दोरात प्रत्येक घराचा टाका होता. आणि मागाहून येणाऱ्यालाही तो घालता यावा, एवढी जागा म्हाताऱ्याने राखली होती.

पहिला मोठा पाऊस रात्री पडला. सकाळी तात्या दाभण घेऊन मैदानात पोहोचला, तर तीन घरची माणसे आधीच ओल्या पट्ट्या तपासत उभी होती. तो हसला. मग वाळूवर बसून त्याने तळाजवळच्या, आपल्या स्वतःच्या धोतराच्या पट्टीची शिवण हलक्या हाताने उसवली आणि वीतभर दोर पुन्हा उघडा केला.