पगडी काढलेला माणूस

उज्जैनीत शिप्रेकाठी भैरवगढात आलात की काळभैरवाच्या आवारात बसायला जागा शोधा. सावली मिळाली तर उत्तम. पाठ फार ताठ नको, इथे कुणी हजेरी घेणार नाही. डोळेही लगेच मिटायचे नाहीत. समोर चाललंय ते आधी पाहून घ्या. हार, नारळ आणि त्यांच्या जोडीला मद्याची बाटली घेऊन उभी असलेली माणसं. बशीत ओतलेलं मद्य देवाच्या ओठांना लावणारा पुजारी. मधूनच निवांत फिरणारी कुत्री. भैरवाचं वाहनच ते, त्यांना कोण हुसकणार! पहिल्यांदा येणाऱ्याचं सगळं लक्ष त्या बशीकडे लागतं आणि ती रिकामी कशी होते याची चर्चा बाहेर चहाच्या टपरीपर्यंत चालते. ती तिथेच राहू द्या. तुम्ही नजर जरा वर न्या, शेंदूर माखलेल्या मुखाच्या वर. तिथे पगडी दिसेल.

श्वास येतोय तसा येऊ द्या. पगडीकडे बघत राहा.

सांगतात ते असं. पानिपतानंतर महादजी शिंदे इथे आले, डोक्यावरची पगडी उतरवून भैरवापुढे ठेवली आणि उत्तरेत गमावलेलं परत मिळू दे म्हणून मागणं मागितलं. मिळालं तेव्हा देवळाचा जीर्णोद्धार केला. शिंदे घराण्याकडून भैरवाला पगडी येण्याची प्रथा आजही आहे. नवसाच्या कथा आपल्याकडे गावोगाव असतात आणि शेवट ठाऊक असल्यामुळे आपण त्या भरभर ऐकून मोकळे होतो. आज शेवटाकडे जाऊ नका. पगडी उतरली आहे आणि अजून काहीच मिळालेलं नाही, तिथे थांबा.

एक हात स्वतःच्या डोक्यावर ठेवा. सरदाराने चारचौघांत बोडक्या डोक्याने उभं राहणं त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्या डोक्यात तेव्हा कोण कोण असेल, ते एकेक करून मनात आणा. थोरला भाऊ जयाप्पा, १७५५ साली नागोरच्या वेढ्यात दग्याने मारला गेलेला. भाऊ दत्ताजी, १० जानेवारी १७६०, यमुनेवरचा बुराडी घाट. सख्खा भाऊ तुकोजी पानिपतावर पडला. पुतण्या जनकोजी जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला. वडील राणोजींनी उज्जैनीत मांडलेल्या घराचे कर्ते पुरुष सहा वर्षांत संपले. उरला तो एक, तिशीच्या आसपासचा, एका पायाने अधू.

आता त्या पायाकडे या. सावकाश या.

१४ जानेवारी १७६१. फौज फुटली आहे आणि महादजी दक्षिणेच्या वाटेने घोडी पळवत आहेत. घोडी दख्खनची, उत्तम रक्ताची. मागे एक अफगाण स्वार लागलाय. त्याचं जनावर जड, बोजड, पण हटत नाही. महादजी वेग वाढवतात, मागे वळून बघतात, तर तो आहेच. शेवटी घोडी कोसळते. अफगाण गाठतो, गुडघ्यावर परशूचा घाव घालतो, अंगावरचं मोलाचं तेवढं काढून घेतो आणि निघून जातो. तो पाय पुन्हा कधी धड झाला नाही.

जॉन माल्कमने मध्य हिंदुस्तानावरच्या आपल्या ग्रंथात ही हकिगत दिली आहे आणि त्यातच एक बारीकशी नोंद आहे. ती मला महादजींच्या साऱ्या विजयांपेक्षा जवळची वाटते. पुढे कितीतरी वर्षं महादजींना झोपेत तो अफगाण दिसत असे. आपली घोडी पुढे, आणि मागे ते बोजड जनावर धापा टाकत येतंच आहे.

इथे डोळे मिटा. तो घोडा थोडा वेळ मनात धावू द्या. त्याला थांबवायचा प्रयत्न करू नका, पुढे काय झालं तेही आठवू नका. टापा ऐका. इंग्रजांशी सालबाईचा तह झाला १७८२ मध्ये, मोगल बादशहाकडून वकील-ए-मुतलक ही पदवी मिळाली १७८४ मध्ये. पण या सगळ्या रात्रींमधून हा घोडा गेलेला आहे. लढाईतून माणूस बाहेर पडतो तो दिवस इतिहासात लिहिलेला असतो. लढाई माणसातून बाहेर पडते तो दिवस कुठल्या कागदात सापडायचा?

मराठी फौजेच्या जुन्या रिवाजात याला थोडी जागा होती, असं मला वाटतं. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, मोहिमेवर जायचं, पाऊस आला की छावणी करायची किंवा गावी परतायचं. वर्षातले काही महिने तरी शिपाई नांगराला, पोराबाळांना, स्वतःला परत मिळायचा. पुढे महादजींनीच तो रिवाज मोडला. १७८४ मध्ये बेन्वा द ब्वान्य या युरोपीय सेनानीला चाकरीत घेऊन त्यांनी कवायती कंपू उभे केले; पगारी, बारमाही, पावसातही सज्ज. १७९० साली पाटणला आणि मेडत्याला याच कंपूंनी मैदान मारलं. द ब्वान्य काही वर्षांनी राजीनामा देऊन युरोपात आपल्या गावी निघून गेला. महादजींना राजीनामा द्यायला जागाच नव्हती.

आता एक अवघड जागा येतेय. श्वास अडखळला तरी चालेल.

देवापुढे पगडी ठेवली, राग ठेवला नाही. १७७२ मध्ये मराठी फौजांनी रोहिलखंडात पत्थरगड घेतला आणि तिथे रोहिला सरदार नजीबउद्दौल्याची कबर उखडली. दत्ताजींच्या अंताला कारण झालेला नजीब तोवर मरून दीडेक वर्ष झालं होतं. सूडाच्या या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. मला तिथे अभिमान वाटत नाही, आणि निवाडा करायलाही जीभ रेटत नाही. मी एवढंच विचारतो, त्या रात्री तरी तो घोडा थांबला असेल का? तुम्हीही विचारा, आणि उत्तर आलं नाही तर प्रश्नाला तसाच पडून राहू द्या.

थोडं हलकं व्हा. खांदे सोडा. त्याच १४ जानेवारीला वाटेत आणखी एक माणूस होता: राणेखान भिस्ती. पखाली वाहायच्या बैलावर त्याने या जखमी माणसाला घातलं आणि दक्षिणेच्या वाटेला लावलं. पाणी देणारा तो, त्याच्या लेखी तेव्हा सरदार कोण आणि शिपाई कोण! बैलाच्या चालीने हेलकावे खाणारं ते शरीर मनात आणा. मागून टापा नाहीत, कुणाला मागे टाकायचं नाही, चाल बैलाची. महादजींनी राणेखानाला पुढे भाऊ मानलं आणि सेनापतीच्या तोलाला नेलं. नजीबच्याच नातवाने, गुलाम कादिरने, १७८८ मध्ये बादशहा शाहआलमचे डोळे काढले, तेव्हा दिल्लीवर चालून गेलेल्या मराठी फौजेच्या पुढे हा राणेखान होता.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत वारले. स्वतःला पाटील म्हणवून घेणारा, कृष्णभक्तीची पदं रचणारा हा माणूस गेला तोही तंबूंच्या गावातच. तिथे आज त्यांची छत्री आहे आणि त्याच वानवडीत सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ पासूनचं. योगायोगच, पण मनात ठेवण्यासारखा. १९७१ च्या युद्धात सुरुंगाने चिंधड्या झालेला पाय मेजर इयान कारडोझो यांनी स्वतःच्या खुकरीने कापून काढला. पुण्यात त्यांना लाकडी पाय मिळाला. मग कचेरीतल्या खुर्चीत न बसता त्यांनी पलटणीचं नेतृत्व मागितलं आणि मिळवलं. पाय बनवता येतो. त्याची मापं असतात, सराव असतो, किती पावलं चाललात ते मोजता येतं.

तुमच्या ओळखीत एखादा निवृत्त कर्नल किंवा सुभेदार असेल. त्याला आजवर सगळ्यांनी लढाई विचारली असेल, पदकं विचारली असतील. आज त्याला मनात समोर बसवा आणि विचारा, झोप कशी लागते? तो बहुधा विषय बदलेल, क्रिकेटचं काहीतरी काढेल. काढू द्या. उद्या प्रत्यक्ष जाल तेव्हाही तसंच होईल, तर निदान क्रिकेटचं थोडं वाचून जा.