पाना घेऊन टेम्पो ओढणार का?

उभे राहा. सगळेच. उत्तर एकाने लिहिलंय आणि बाकीच्यांनी चुकीसकट उतरवलंय, मग एकट्यालाच काय बोलू? ‘ज्या इंजिनाचा टॉर्क जास्त, त्याची पॉवर जास्त.’ असं का? अर्ध्या मीटरचा पाना घ्या, टोकाला २० किलोचा जोर लावा. झाला १० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे ९८ न्यूटन-मीटर टॉर्क. सुरतेच्या रिंग रोडच्या मार्केटातून साड्यांची पार्सलं वाहणारा छोटा हाथी, २००५ साली आलेला पहिला टाटा एस, त्याचं इंजिन सुमारे ३८ देतं. तुम्ही त्याच्या अडीचपट! मग टेम्पो हवा कशाला, तुम्हालाच जुंपू सहारा दरवाजाच्या पुलावर?

गंजलेला नट हललाच नाही, तर टॉर्क ९८ आणि पॉवर शून्य. घाम गाळलात, काम झालं नाही. हलला, आणि दोन सेकंदांत एक फेरा मारलात, तरी ०.३ किलोवॉट. अर्धा हॉर्सपॉवरसुद्धा नाही. पीळ किती हा टॉर्क. तो पीळ किती वेगाने फिरतो ही पॉवर. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणायचं, ९५४९ ने भागायचं, किलोवॉट मिळतात. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण तो आला कुठून हे विचारायला एकाचंही तोंड उघडलं नाही. एका फेऱ्यात दोन पाय (२π) रेडियन, मिनिटाचे ६० सेकंद, किलोवॉटचे १००० वॉट. साठ हजाराला दोन पायने भागा. एवढंच.

आता छोटा हाथीच घ्या. २००० आरपीएमला टॉर्क ३८, पॉवर ८ किलोवॉट. ३२०० ला टॉर्क उतरून ३५ होतो, पॉवर मात्र चढून ११.८, म्हणजे १६ पीएस. एक खाली, एक वर, त्याच इंजिनात. आणि तुम्ही दोघांना एकाच दावणीला बांधून मोकळे!

दुसरं पाप युनिटचं. ‘पीएसमध्ये आकडा मोठा येतो, म्हणून गाडी दमदार.’ अरे, १०० किलोवॉटचं इंजिन पीएसमध्ये १३६ आणि ब्रिटिश हॉर्सपॉवरमध्ये १३४. एक बोल्टसुद्धा बदललेला नाही. ७५ किलो वजन सेकंदात एक मीटर उचललं की एक पीएस, ७३५.५ वॉट. जेम्स वॉटचा हॉर्सपॉवर ७४६ वॉटचा. शोरूमवाला मोठा आकडा सांगणारच, त्याला गाडी विकायची आहे. तुम्हाला ती दुरुस्त करायची आहे. आणि किलोग्रॅम-मीटरचा ‘किलोमीटर’ करणारा महाभाग कोण? ३.८ किलोमीटर टॉर्क! उधन्याहून स्टेशनला निघाला होतास काय?

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? लिंबायत-उधन्याची पोरं तुम्ही, खानदेशातून आलेले तुमचे बाप रोज लूमच्या खात्यात उभे असतात, आणि गिअरबॉक्स पॉवर वाढवतो असं तुम्ही लिहिता. एक एचपीची मोटर, १४४० आरपीएम. टॉर्क किती? पाचच न्यूटन-मीटर. एवढ्यावर अख्खा माग हलतो कसा? पट्टा आणि पुली वेग दहापट उतरवतात, १४४ फेऱ्यांवर आणतात, म्हणून पीळ पन्नासाच्या आसपास जातो. घर्षणात थोडा जातो, तो जातोच. पॉवर एका वॉटनेही वाढत नाही. भरलेला टेम्पो चढावर पहिल्या गिअरमध्ये चढतो तो याच हिशोबाने, आणि म्हणूनच तिथे रखडत चालतो. चौथ्याचा वेग आणि पहिल्याचा पीळ एकदम मागणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावू नये.

बसा. उद्या प्रत्येकाने एका मोटरची पाटी वाचून आणायची: किलोवॉट आणि आरपीएम. चालू मशीनजवळ वाकायचं नाही, बंद असताना वाचायची. टॉर्क इथे, फळ्यावर काढायचा. वहीत उतरवून आणलेलं मी बघणार नाही.